वाफेच्या इंजिनात आत एवढा दाब असताना तेल जायचं तरी कसं?

दारव्ह्याचा_मास्तर
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. परवा वाफेचं इंजिन शिकवायचं होतं, म्हटलं किटलीच्या झाकणाची गोष्ट कशाला, आपल्या शकुंतलेचंच सांगू, म्हणजे यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूरच्या छोट्या रेल्वेगाडीचं. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं इंजिन, १९२३ पासून आपल्या रुळावर, अन् १५ एप्रिल १९९४ ला ते काढून डिझेल लावलं. सत्तर वर्षं! पोरं एकदम खुश.

मग मागच्या बाकावरची एक पोरगी उठली, तिच्या बाबाचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, अन् म्हणते, "सर, सत्तर वर्षं दट्ट्या पुढंमागं घासला तं त्याले आतून तेल कोण देत होतं? अन् आत वाफेचा जोर असतांनी तेल आत जाईन कसं, उलटं बाहीर नाही फेकणार?"

मी म्हटलं उद्या सांगतो. तो उद्या होऊन आठ दिवस झाले.

शिवाय एक वस्तू आहे. इथल्या बंद पडलेल्या जीनचं (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचं) भंगार निघालं तेव्हा एका ओळखीच्या भंगारवाल्यानं मला पितळेचा एक ऐवज ठेवून दिला, शाळेत दाखवा म्हणून. नारळाएवढं पोट, त्याच्या डोक्यावर आणखी एक लहान गोळा, बाजूला जाड काचेची नळी, तीन-चार चाव्या, बुडाशी एक छोटा नळ. तो म्हणाला इंजिनाचं तेलाचं भांडं आहे. हेच का ते? अन् हे चालायचं कसं? नीट सांगा, मला पोरांसमोर उभं राहायचं आहे.

सरकी_ढेप
सर, वाफच ढकलते तेलाले. सोपं आहे.

निवांत_राजे
पोरगी लय हुशार दिसते राजेहो. आम्ही आठवीत असताना फक्त सुट्टी कधी होते एवढंच विचारत होतो.

फिटर_दादा
मास्तर, तुमच्या हातात लागलं ते सोनं समजा. त्याले लुब्रिकेटर म्हणत, अन् काच असली म्हणजे साईट फीड. पॉलिश पेपर मारू नका त्याले, काचेच्या पॅकिंगले हात लावू नका. मी ३१ वर्षं एका सूतगिरणीच्या बॉयलर खात्यात काढली, त्याच्या आधी दोन सीझन जीनमध्ये हेल्पर होतो, तिथं वाफेचं इंजिन शेवटचे दिवस मोजत होतं.

आता सरकी_ढेप भाऊनं सांगितलं की वाफ ढकलते. अर्धं बरोबर. वाफ ढकलते, पण दोन्हीकडून ढकलते ना बावा. भांड्यात जेवढा जोर, सिलिंडरच्या तोंडाशीही जवळपास तेवढाच जोर. दोन बैल समोरासमोर सारखीच टक्कर देऊन राह्यले तर गाडी हालत नाही. मग तेल हालवतं कोण? पाणी. हो, पाणी.

आधी बिनकाचेचा प्रकार पाहा. इंग्लंडात जॉन रॅम्सबॉटम नावाचा रेल्वेचा इंजिनिअर होता, त्यानं १८६० साली काढला. एक बंद भांडं, तेलानं भरलेलं, एका बारीक नळीनं सिलिंडरच्या वाफेशी जोडलेलं. वाफ आत शिरते, भांडं बाहेरून थंड म्हणून तिचं पाणी होते. पाणी तेलापेक्षा जड, ते बुडी जाते. बुडी गेलं की तेवढीच जागा तेलाले सोडावी लागते. तेल वर चढते अन् नळीच्या तोंडातून सांडते, सांडलं की वाफेसोबत थेट दट्ट्यावर. एक थेंब पाणी आत, एक थेंब तेल बाहेर. दाब कितीही असो, दोन्हीकडे सारखाच आहे, तो हिशेबातूनच निघून जाते.

घरी आईनं तेलाच्या बरणीत चुकून पाणी टाकलं तर तेल काठावरून उतू जाते का नाही? तेच.

सरकी_ढेप
दादा मानलं. मी घाईत लिहिलं.

खामगावकर
फिटरदादा, एक शंका. वाफेचं पाणी होण्यावर सगळं अवलंबून असेल तर आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत ते होणार कसं? इंग्लंडच्या थंडीत बनलेली गोष्ट वऱ्हाडाच्या उन्हात अडकत असणार. उन्हाळ्यात इंजिनं कोरडी पडत असतील असं माझं मत आहे.

अंबानगरी
@खामगावकर मत चांगलं आहे पण आकडा मांडून बघा. १५० पौंड दाबाची वाफ साधारण १८५ डिग्री सेल्सिअस असते. थंडीत बाहेर १० डिग्री धरले तर फरक १७५. मे महिन्यात ४५ धरले तर फरक १४०. म्हणजे पाणी होण्याचा वेग ढोबळ हिशेबानं एक पंचमांश कमी होईल, बंद पडणार नाही. आपल्याला जीव नकोसा करणारी गरमी वाफेला गारच वाटते.

खामगावकर
ठीक, कोरडी पडत नसतील. पण एक पंचमांश म्हणजे कमी नाही हो. ऑइलमनला चावी तेवढी जास्त उघडावी लागत असणार.

फिटर_दादा
त्या जुन्या प्रकारात चावीच नव्हती, हाच तर त्याचा दोष. किती तेल चाललं ते दिसत नाही, कमी-जास्त करता येत नाही, इंजिन उभं असलं तरी वाफ चालू म्हणून तेल गळतच राहते. म्हणून तर काच आली. मास्तरच्या भांड्याचं सांगतो, जरा मोठं होईन, चहा घेऊन बसा.

वरचा लहान गोळा हा कंडेन्सर. बॉयलरची वाफ तिथं येऊन पाणी होते. ते पाणी एका नळीनं खालच्या मोठ्या पोटाच्या बुडाशी उतरते. मोठ्या पोटात तेल. तेल वर तरंगते, अन् वरून एका आतल्या नळीनं निघून काचेच्या नळीच्या खालच्या टोकाशी येते. तिथं सुईसारखी चावी. काचेची नळी पाण्यानं भरलेली असते, म्हणून चावी किंचित सोडली की तेलाचा मण्यासारखा थेंब खालून सुटते अन् पाण्यातून हळूहळू वर चढते. वर गेला की वाफ त्याले घेऊन जाते सिलिंडरकडे. काचेच्या डोक्यावरही बॉयलरचीच वाफ दिलेली असते, म्हणून दोन्हीकडचा दाब एकमेकाले खाऊन टाकते, उरते फक्त वरच्या गोळ्यातल्या पाण्याची उंची. ते वीतभर पाणी तेल चालवते, १५० पौंडाची वाफ नाही.

अन् सिलिंडरकडच्या टोकाले अगदी बारीक भोकाचा चोक असते, म्हणजे ड्रायव्हरनं रेग्युलेटर (सिलिंडरले वाफ सोडायचा दांडा) कमी-जास्त केला तरी लुब्रिकेटरातला दाब डगमगत नाही.

आमचा मिस्त्री काचेसमोर उभा राहून ओठात थेंब मोजत असे. मिनिटाले किती थेंब हे त्याचं ठरलेलं, कानानं इंजिन ऐकायचा अन् चावीले नखाएवढा धक्का द्यायचा. पिवळसर काळा थेंब, मागून बल्बचा उजेड, पाण्यातून चढतांनी गोल, वर पोचल्यावर चपटा होऊन फुटायचा. मी सतरा वर्षांचा होतो, तासन् तास पाहत बसलो असतो.

निवांत_राजे
दादा तुम्ही लिहीत जा हो. थेंब दिसला.

हिंगणघाटची_लेक
माझे बाबा जीनमध्ये ऑइलमन होते. फिटरदादांनी लिहिलं ते सगळं डोळ्यासमोर आलं, पण दुसरी बाजूही लिहावीशी वाटते.

सीझन भरात होता, कापसाच्या गाड्यांची रांग गेटबाहेर, रात्रपाळी. लुब्रिकेटरातलं तेल संपलं होतं. भरायच्या आधी वाफेची चावी बंद, पाण्याची चावी बंद, थेंबाची चावी बंद, मग बुडाचा नळ उघडून पाणी सोडायचं अन् सगळ्यात शेवटी वरचं बूच काढायचं, हा क्रम. त्या रात्री सुपरवायझर मागं उभा, इंजिन थांबवू नको, लवकर कर, लवकर कर. वाफेची चावी पुरती बसली नव्हती. बाबांनी बूच सैल केलं अन् उकळतं तेल-पाणी हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत. मालकानं त्या पाळीची मजुरीसुद्धा कापली. त्या हाताची कातडी शेवटपर्यंत चिंचोक्यासारखी चकचकीत होती, थंडीत दुखायची.

यंत्र छान होतं, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्यासमोर उभा राहणारा माणूस घाईत ठेवलेला होता.

फिटर_दादा
ताई, वाचून बोलणं बंद झालं. तुमच्या बाबांचा क्रम एकदम बरोबर आहे. मास्तर, पोरांना तो क्रम पाठ करवा.

लोकोशेड_मुर्तिजापूर
ताई, तुमच्या बाबांना नमस्कार. आमचे आबा मुर्तिजापूरच्या शेडमध्ये होते. यवतमाळ अन् अचलपूर, दोन्हीकडच्या गाड्या तिथूनच निघायच्या.

सगळे सिलिंडरबद्दलच बोलून राहिले, पण इंजिनाचं खरं तेलपाणी बाहेरच्या सांध्यांना. कनेक्टिंग रॉड, कपलिंग रॉड, क्रॉसहेडच्या पट्ट्या, चाकांचे अॅक्सलबॉक्स. ड्रायव्हर गाडी निघायच्या तासभर आधी लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन इंजिनाला प्रदक्षिणा घालायचा, एका हातात कुपी, एका हातात सुताचा बोळा, काही जागा अशा की इंजिनाच्या पोटाखाली शिरल्याशिवाय हात पोचत नाही. प्रत्येक सांध्यावर तेलाचा छोटा कप, आत काकडा. आरतीला करतो तसा, पण लोकरीचा. तारेला लोकरीचे धागे गुंडाळून एक टोक तेलात अन् एक टोक बेअरिंगकडे जाणाऱ्या नळीत. तेल काकड्यातून आपोआप चढतं अन् पलीकडे थेंबथेंब उतरतं. जास्त तेल पाहिजे तर धागे वाढवा, कमी पाहिजे तर काढा. गाडी शेडमध्ये आली की काकडे वर ओढून ठेवायचे, नाही तर सकाळपर्यंत कप रिकामा अन् तेल जमिनीवर.

आबा सांगायचे, स्टेशनात गाडी थांबली की उतरायचं अन् प्रत्येक बेअरिंगला हाताची मागची बाजू लावायची. तळहात नाही, मागची बाजू. तापलेलं असलं तर हात आपोआप मागं येतो. तळहात भाजला की फावडं कसं धरणार.

झुणकावाली
कापसाच्या मुलखात काकडा लोकरीचा??? हे मला पटतच नाही. वात म्हणजे कापसाचीच.

लोकोशेड_मुर्तिजापूर
@झुणकावाली मीही आबांना हेच विचारलं होतं. कापूस तेलात भिजला की दबून बसतो, गच्च होतो, मग तेल चढत नाही. लोकरीचा धागा स्प्रिंगसारखा, दाबला तरी फुगून येतो. समईची वात दोन तास जळते अन् संपते, हा काकडा महिने महिने तेलात पडून राहायचा. अन् एक गोष्ट, काकडा पावसानं ओला झाला की कामातून गेला. पाणी एकदा धाग्यात शिरलं की तेलाला वाट देत नाही.

झुणकावाली
बरं बाप्पा, पटलं. आईला सांगते, ती हसेल.

वर्धेकाठचा
आमच्या आजोबांच्या दमणीखाली वंगणाचा डबा टांगलेला असायचा, तेलात बुडवलेल्या चिंध्या अन् एक काडी. गावाबाहेर पडलं की गाडी थांबवून आसाला वंगण. चाक कुरकुरलं की आजी आतून ओरडायची. वाफेचं इंजिन असो का दमणी, चाकाची भूक सारखीच.

यावरून आठवलं, पूर्वी रेल्वेत एरंडीचं तेल वापरत हे खरं का? बांधावरच्या एरंडीला एवढा मान?

अंबानगरी
खरं आहे. आपल्या देशातल्या रेल्वेनं वंगणासाठी एरंडेल भरपूर वापरलं. दाट असतं, ओल्या धातूलाही चिकटून राहतं. अन् गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नाव १९०९ मध्ये आलं ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. त्या कंपनीचा संस्थापक चार्ल्स वेकफिल्ड, त्याची कंपनी १८९९ ची, अन् ती रेल्वे इंजिनांचे लुब्रिकेटरसुद्धा बनवायची. म्हणजे आपण मूळ विषयापासून लांब गेलोच नाही.

सिलिंडरच्या आत मात्र सुरुवातीला जनावराची चरबी घालत. कमी दाबाच्या इंजिनात चालून गेलं, दाब अन् तापमान वाढलं तशी चरबी फुटून तिचं आम्ल होऊ लागलं, अन् ते लोखंड खायचं. मग जमिनीतल्या तेलापासून केलेलं दाट सिलिंडर ऑइल आलं. पण नुसतं ते ओल्या वाफेत धुऊन जातं, म्हणून त्यात पुन्हा थोडी चरबी मिसळायचेच.

कारंजा_लाड
कुणी एलायजा मॅकॉयचं नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. त्याचे आईवडील अमेरिकेतल्या केंटकीत गुलाम होते, तिथून पळून कॅनडात गेले. पोराला शिकायला स्कॉटलंडला एडिंबरोला पाठवलं, तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून आला. अन् मिशिगनच्या रेल्वेत काळा म्हणून इंजिनिअरची नोकरी नाही, कोळसा टाक अन् सांध्यांना तेल दे. त्यानं तेल देता देताच विचार केला अन् १८७२ साली आपोआप तेल देणाऱ्या भांड्याचं पेटंट घेतलं. माझ्या मते लुब्रिकेटरचा खरा बाप तोच.

खामगावकर
@कारंजा_लाड माणूस मोठाच, पण बाप कसा? वर फिटरदादांनी रॅम्सबॉटमचं १८६० लिहिलंय. १२ वर्षं आधी.

कारंजा_लाड
साल मान्य, बाप हा शब्द मागं घेतो. पण रॅम्सबॉटम साहेबाच्या खुर्चीतून काम करत होता, मॅकॉय हातात कुपी घेऊन. वर ताईंनी बाबांबद्दल लिहिलं ते वाचून मला हाच आठवला. ज्याचा हात भाजतो त्याला यंत्राची खोड जास्त कळते. त्यानं पुढंही आयुष्यभर लुब्रिकेटर सुधारत नेले, सुपरहीट वाफेच्या इंजिनांसाठीसुद्धा.

हिंगणघाटची_लेक
@कारंजा_लाड हे माहीत नव्हतं. बाबांना सांगता आलं असतं तर त्यांना फार आवडलं असतं.

फिटर_दादा
सुपरहीटचा विषय निघाला तर एक सांगून ठेवतो. साधी वाफ ओलसर असते, तिचा ओलावा थोडंफार वंगणाचं काम करते. सुपरहीट केलेली वाफ एकदम कोरडी अन् लय जास्त तापलेली, तिथं तेलात कसूर झाली की दट्ट्याच्या रिंगा अन् व्हॉल्व्ह ओरखडले म्हणून समजा. मोठ्या इंजिनांवर मग मेकॅनिकल लुब्रिकेटर आला. लोखंडी डबा, आत छोटे छोटे पंप, बाहेर रॅचेटचा दांडा, तो इंजिनाच्याच हलत्या भागाले जोडलेला. इंजिन चाललं तर पंप चालते, थांबलं तर थांबते. इथं मात्र तेल खरंच दाबाविरुद्ध ढकललं जाते, अन् वाफ उलटी येऊ नये म्हणून वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. बाजूले हँडल, निघायच्या आधी चार फेरे हातानं फिरवले की कोरड्या सिलिंडरले पहिला घोट मिळते.

निवांत_राजे
म्हणजे पोरीच्या प्रश्नाला दोन उत्तरं. एक पाण्याचं, एक पंपाचं.

लोकोशेड_मुर्तिजापूर
बरोबर. अन् तेल चुकलं तर काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या मॅलार्ड इंजिनानं ३ जुलै १९३८ ला ताशी २०३ किलोमीटरचा विक्रम केला, अन् त्याच धावेत त्याच्या मधल्या रॉडचं बेअरिंग तापलं, आतला मऊ पांढरा धातू गेला, गाडी पुढं दुसऱ्या इंजिनानं न्यावी लागली. त्या जातीच्या इंजिनात मधलं बेअरिंग ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून तिथं बडीशेपेच्या वासाची कुपी बसवलेली असे. बेअरिंग तापलं की कुपी फुटणार अन् वास केबिनमध्ये येणार.

झुणकावाली
बडीशेप! इंजिनाचं जेवण झालं म्हणायचं.

दारव्ह्याचा_मास्तर
मंडळी, आठ दिवस वाचतोय अन् वहीत उतरवतोय. वाचून कळलं, पण सातवीच्या पोरांना दिसलं पाहिजे. म्हणून काल असं केलं: एक लिटरची पाण्याची बाटली, काठोकाठ गोडंतेल. बुचाला दोन भोकं. सलाईनची एक नळी बाटलीच्या बुडापर्यंत, तिचं दुसरं टोक पाण्यानं भरलेल्या नरसाळ्याला. दुसरी आखूड नळी बुचाच्या जरा खाली, ती बाहेर नेऊन काचेच्या ग्लासातल्या पाण्यात बुडापर्यंत सोडली. तिच्यावर सलाईनचीच चाकाची चिमटी, थेंब कमी-जास्त करायला. बुचाच्या कडा मेणबत्तीच्या मेणानं बंद.

काही झालं नाही. एक थेंब हलला नाही. पोरं माझ्याकडे पाहतात, मी ग्लासाकडे. कुठं चुकलं?

फिटर_दादा
नरसाळं किती उंच धरलं? अन् नळीत हवेचा बुडबुडा असन, आधी पाणी सोडून हवा काढा.

दारव्ह्याचा_मास्तर
नरसाळं टेबलावरच, पुस्तकांच्या थप्पीला टेकवलं होतं. ग्लासाच्या बरोबरीनं.

फिटर_दादा
मग कसं चालन. वरचा गोळा वर कावून असते?

अंबानगरी
सर, अन् पोरांना हे जरूर सांगा की नरसाळ्यावरही उघडी हवा, ग्लासावरही उघडी हवा, दोन्हीकडे हवेचा सारखा दाब, तरी तेल चालतं. इंजिनात त्या हवेच्या जागी दोन्हीकडे वाफ. बाकी काही बदलत नाही.

दारव्ह्याचा_मास्तर
झालं!! आज झालं!

नळीतली हवा काढली. नरसाळं त्याच पोरीच्या हातात दिलं अन् म्हटलं बाकावर उभी राहा. ती चढली, हात वर केला, अन् ग्लासाच्या बुडाशी नळीच्या टोकावर पिवळा मणी फुगला, सुटला, पाण्यातून डुलत डुलत वर आला. वर्गात एक आवाज नाही. मग दुसरा, तिसरा. बाटलीच्या बुडाशी पाण्याचा थर वाढताना दिसत होता, मी पाण्यात थोडी नीळ टाकली होती. तिनं हात हळूच खाली आणला, थेंब थांबले. वर नेला, पुन्हा सुरू. कुणी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःच पाच-सहा वेळा करून पाहिलं, अन् म्हणाली, "सर, म्हणजे पाणी किती उंच हाय त्याचाच खेळ हाय."

अंबानगरी, तुमचं हवेचं वाक्य फळ्यावर लिहिलं. मग भंगारातलं भांडं टेबलावर ठेवलं, अन् वरचा गोळा कशाला, काच कशाला, हे पोरांनीच मला सांगितलं.

लोकोशेड_मुर्तिजापूर
वा सर! आता त्यांना नागपूरला मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये न्या. दारव्ह्याचं मोतीबाग स्टेशन नाही, नागपूरचं. खरी इंजिनं जवळून पाहता येतील, तेलाचे कप शोधायला सांगा.

सरकी_ढेप
सहलीला माझ्याकडून पोरांना संत्री.

दारव्ह्याचा_मास्तर
एक राहिलं. तास संपल्यावर ती पुन्हा आली. बाटलीकडं पाहत होती, तेल जवळपास संपलेलं, सगळं निळं पाणी. म्हणाली, "सर, आता हे पाण्यानं भरलं. मग तेल भरायच्या आधी पाणी काढावं लागन, अन् तेव्हा तं आत वाफ असन ना? तो माणूस काय करत होता?"

हिंगणघाटची_लेक
तिला सांगा सर, आधी वाफेची चावी बंद. पुरती बसली का ते दोनदा बघायचं. मागून कुणी कितीही घाई केली तरी बूच सगळ्यात शेवटी.